खात्यातील हप्ता आणि गावातील मैदान

हप्ता जमा झाला का, ही विचारपूस हल्ली आपल्या गावांतून पाण्याच्या पाळीइतकीच नित्याची झाली आहे. बँकेच्या पायरीवर, मासळीबाजारात, एसटीच्या थांब्यावर, रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या अंगणातही ती कानी पडते. दीड हजार रुपये ही रक्कम कुणाला क्षुल्लक वाटेल. परंतु जिच्या नावावर आजवर कधी पासबुक नव्हते, अशा स्त्रीच्या हाती ते पासबुक आले, ही गोष्ट आम्ही क्षुल्लक मानत नाही. म्हणूनच प्रस्तुत लेखात शासनाच्या कल्याणकारी खर्चाविषयी काही प्रश्न उपस्थित करताना आम्ही आरंभीच स्पष्ट करतो, की गरिबाच्या घरी पैसा गेला म्हणून नाके मुरडणाऱ्यांच्या पंक्तीत आम्ही नाही. प्रश्न निराळा आहे. शासन जेव्हा समाजासाठी खर्च करते, तेव्हा तो एकेका व्यक्तीच्या खात्यापाशीच थांबावा, की चार माणसे जिथे एकत्र येतात तिथवरही पोहोचावा?

१० मार्च २०२५ रोजी राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प विधिमंडळात मांडण्यात आला. एकूण खर्च सुमारे ७ लाख कोटी रुपये, महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि डोक्यावरील कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात, असे त्याचे स्थूल चित्र होते. त्यात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटींची तरतूद होती; आधीच्या वर्षी ती ४६,००० कोटींची होती. राज्याच्या महसुली उत्पन्नाशी ताडून पाहिले तर दर शंभर रुपयांतील सुमारे साडेसहा रुपये या एकाच योजनेवर जाणार होते. योजना जून २०२४ मध्ये जाहीर झाली, ऑगस्टमध्ये पहिले पैसे जमा झाले आणि नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. हा क्रम वाचकांच्या स्मरणात असेलच.

या धर्तीची ही पहिली योजना नव्हे. गोव्याने २०१२ मध्येच गृह आधार योजना सुरू केली होती आणि मध्य प्रदेशची लाडली बहना २०२३ ची आहे. महाराष्ट्राचे वेगळेपण आहे ते घाईत. अर्ज आधी मंजूर झाले, पडताळणी मागाहून आली. जुलै २०२५ मध्ये शासनानेच सांगितले, की २६ लाखांहून अधिक खात्यांचा लाभ थांबविण्यात आला आहे. लाभार्थींत सुमारे चौदा हजार पुरुषही निघाले. बहिणीच्या नावे भाऊ पैसे उचलत होते, हे वाचून हसावे की रडावे, हे आम्हांला कळेना.

परंतु या गोंधळापेक्षा अधिक खुपणारी गोष्ट दुसरीच आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. १९८० मध्ये महाराष्ट्राने संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. विधवा, परित्यक्ता, अपंग, अनाथ, दुर्धर आजाराने ग्रासलेले, अशा ज्यांना कुणीच नाही त्यांच्यासाठी ही योजना. २०२३ मध्ये तिचे मासिक अनुदान हजारावरून दीड हजार झाले. लाडकी बहीण योजना जाहीर झाली तेव्हा तिची उत्पन्नमर्यादा ठरली वर्षाला अडीच लाख रुपये. त्याच वेळी निराधार योजनेत सर्वसाधारण अर्जदाराच्या कुटुंबाची मर्यादा होती वर्षाला २१,००० रुपये. महिन्याचा हिशेब केला तर साडेसतराशे. शेतमजुरी करणाऱ्या घरात दोन माणसे आठवडाभर कामावर गेली, तरी एवढे पैसे होतात. म्हणजे एकीकडे मध्यम स्थितीतील घराला सहज प्रवेश आणि दुसरीकडे जी खरोखर निराधार आहे तिने तलाठ्याचा दाखला, तहसीलदाराचे प्रमाणपत्र, हयातीचा दाखला यांच्या फेऱ्या मारीत आपले दारिद्र्य पुन:पुन्हा सिद्ध करावयाचे! अनुदान दोघींचे सारखेच. २०२५ च्या अखेरीस दिव्यांगांचे अनुदान अडीच हजार करण्यात आले, हे योग्यच झाले. तथापि हा बदल व्हावा म्हणून दिव्यांग बांधवांना किती वेळा रस्त्यावर उतरावे लागले, हेही विसरून चालणार नाही.

केंद्राची कथा याहून विषण्ण करणारी आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा दारिद्र्यरेषेखालील वृद्धाला केंद्राकडून महिन्याला ७५ रुपये मिळत. पुढे ते २०० झाले. ऐंशी वर्षांवरील वृद्धाला ५००. साठ ते एकोणऐंशी वयोगटासाठी केंद्राचा तो वाटा गेली जवळजवळ दोन दशके दोनशेवरच थांबला आहे. राज्य आपली भर घालते म्हणून म्हाताऱ्याच्या हाती काहीतरी पडते, एवढेच. वृद्ध माणसे मोर्चे काढीत नाहीत. विधवा सहसा घोषणा देत नाहीत. योजनांच्या रकमा कशाने वाढतात, याचे उत्तर यातच मिळावे.

आणि तिजोरी अपुरी पडली म्हणजे पैसा कुठून येतो? मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटींहून अधिक रुपये वळविण्यात आले. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच यावर उघड नाराजी व्यक्त केली. शासनाचा युक्तिवाद असा, की लाभार्थी भगिनींत अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियाही आहेत. तेव्हा पैसा त्यांच्याकडेच गेला. हा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो, पण तो आम्हांला पटत नाही. या विभागांचा निधी मुळात वसतिगृहांसाठी, आश्रमशाळांसाठी, शिष्यवृत्तीसाठी, वस्तीतील रस्त्या-पाण्यासाठी असतो. जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळेचे गळके छप्पर आईच्या खात्यातील दीड हजारांनी दुरुस्त होत नाही. शंभर आयांनी आपापले पैसे एकत्र केले तरी होत नाही, कारण छप्पर कुणा एकीचे नसते. असा निधी वळविता येऊ नये म्हणून कर्नाटकाने २०१३ मध्ये कायदा केला. पण तिथेही अलीकडे हमी योजनांसाठी तोच निधी वापरल्याची टीका झाली. महाराष्ट्राला तर तसा कायदा करणेही अद्याप जमलेले नाही.

जे कुणा एकाचे नसते, त्यावरचा खर्च हाच आजच्या आमच्या चिंतेचा विषय आहे. शाळेचे छप्पर त्यात मोडते, मैदान मोडते आणि गावातील सलोखाही मोडतो. सलोख्यावर शासनाने पैसे खर्च करावेत, ही कल्पना काहींना विचित्र वाटेल. परंतु महाराष्ट्राने ती करून पाहिली आहे.

तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. त्याआधी ग्रामविकास खाते सांभाळताना त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान उभे केले होते. त्या अभियानात गावे झाडू घेऊन रस्त्यावर आली, हे त्यांनी पाहिले होते. तोच धागा त्यांनी भांडणांपर्यंत नेला. ग्रामसभेने समिती निवडावी, बांधाचे, वाटेचे, भावकीचे, किरकोळ मारामारीचे तंटे सामोपचाराने मिटवावेत, सण-उत्सव शांततेत पार पाडावेत, आंतरजातीय विवाहांना पाठबळ द्यावे आणि गाव तंटामुक्त ठरले की लोकसंख्येच्या प्रमाणात काही लाखांचा पुरस्कार मिळावा, अशी ती योजना. पुरस्कार व्यक्तीला नव्हता, गावाला होता, हे लक्षात घ्यावे. त्या पैशातून काय करावे यासाठी गावाला पुन्हा एकत्र बसावे लागे. शेताच्या बांधावरून वीस वीस वर्षे न्यायालयात खेटे घालणारे भाऊ समितीपुढे एका सतरंजीवर बसले, अशी उदाहरणे राज्यात सर्वत्र घडली. वकिलाची फी वाचली, एसटीचे भाडे वाचले आणि सुतक-सोयराला एकमेकांच्या दारी जाणे पुन्हा सुरू झाले.

दोषही होतेच आणि ते लहान नव्हते. नवऱ्याने मारलेल्या बाईची तक्रार ‘घरातली गोष्ट’ म्हणून समितीने मिटवली, दलितावरील अन्यायाचा गुन्हा नोंदवू नये म्हणून गावकीने दडपण आणले, असे आक्षेप घेतले गेले आणि ते निराधार नव्हते. जिथे एक पक्ष बलवान आणि दुसरा दुबळा असतो, तिथे सामोपचार म्हणजे दुबळ्याची माघार ठरते. पुरस्कारासाठी आकडे फुगविण्याचे प्रकारही झाले. तरीही आम्हांला वाटते, की दोष काढून टाकून ही मोहीम पुढे चालावयास हवी होती. तसे झाले नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये आर. आर. पाटील निवर्तले, त्याआधीच मोहिमेतील जोम ओसरला होता. आज पुष्कळ गावांत समितीचा अध्यक्ष कोण, हे समितीलाच आठवावे लागते. आंतरजातीय विवाह करणाऱ्या जोडप्याला शासन ५०,००० रुपये देते, तेही २०१० पासून तेवढेच. त्यातही दुसरा जोडीदार हिंदू, लिंगायत, जैन वा शीख असावा अशी व्याख्या असल्यामुळे आपल्या समाजातील जोडपी त्या हिशेबात बसतच नाहीत. असो.

सलोखा केवळ समितीने होत नाही. एकमेकांना नावाने ओळखणाऱ्या मुलांची पिढी त्यासाठी लागते आणि अशी पिढी घडण्याचे महाराष्ट्रातील जुने ठिकाण म्हणजे तालीम व मैदान. कोल्हापूरचे उदाहरण पाहा. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारले ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. ज्या राजाने वसतिगृहे काढली, १९०२ मध्ये मागासांना नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्यालाच कुस्तीवर दरबारचा पैसा खर्च करणे उधळपट्टी वाटले नाही. कल्याण आणि क्रीडा ही दोन खाती त्याच्या मनात वेगळी नव्हती. त्या शहरात आजही पेठेपेठेची तालीम आहे, तालमीचा फुटबॉल संघ आहे आणि सामन्याच्या दिवशी अख्खी पेठ शाहू स्टेडियमवर लोटते. कधी कधी त्या ईर्षेची दगडफेकही होते, हे नमूद केले पाहिजे. मैदान माणसे जोडते तसे गटही पाडते. मैदानावर जबाबदार वडीलधारे उभे असतील तर खेळ खेळच राहतो.

त्याच मातीतले खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्रवासखर्चासाठी त्यांना दारोदार फिरावे लागले. लोकांनी वर्गणी दिली आणि त्यांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. पदक घेऊन गोळेश्वरला परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती गावकऱ्यांनीच काढली. बरोबर ७२ वर्षांनी, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक जिंकले. मधल्या काळात काहीच बदलले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्वप्नीलला २००९ मध्ये राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश मिळाला होता, पुढे रेल्वेची नोकरी मिळाली आणि पदकानंतर शासनाने २ कोटी रुपये दिले. २०२३ च्या गोव्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत महाराष्ट्र २२८ पदकांसह पहिला आला, तर २०२५ मध्ये उत्तराखंडात २०१ पदके घेऊन दुसरा. शिखरावर पैसा पोहोचतो आहे, हे यावरून दिसते.

पायथ्याचे काय? २००१ च्या क्रीडा धोरणानंतर राज्याने प्रत्येक तालुक्याला क्रीडा संकुल देण्याचे ठरविले. बांधकाम-अनुदानाची मर्यादा आरंभी लाखांत होती, नंतर १ कोटी आणि अलीकडे ५ कोटी झाली. राज्यात ३५८ तालुके आहेत. प्रत्येकाला पूर्ण ५ कोटी दिले तरी एकूण रक्कम १,७९० कोटी होते. लाडकी बहीण योजनेचा एका महिन्याचा खर्च, २०२५-२६ च्या तरतुदीप्रमाणे, ३,००० कोटी. म्हणजे एका महिन्याच्या हप्त्याहून कमी पैशात, आणि तोही एकदाच, राज्यातील सर्व तालुका संकुले उभी राहू शकतात. भगिनींचा हप्ता बंद करून मैदाने बांधा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पैशाअभावी मैदाने होत नाहीत, ही सबब खरी नाही, एवढेच या गणितातून दाखवावयाचे आहे.

खरी अडचण बांधकामानंतर सुरू होते. अनुदान भिंतींना मिळते. दिवाबत्ती, माळी, रखवालदार, प्रशिक्षक यांच्यासाठी संकुल समितीने स्वतःच उत्पन्न उभे करावे, अशी अपेक्षा असते. मग दर्शनी बाजूला गाळे निघतात, आतला बंदिस्त हॉल लग्नकार्याला जातो, आणि ज्याच्यासाठी हे सारे उभारले तो पोरगा फाटकाबाहेर चेंडू घेऊन उभा राहतो. आम्हांला ठाऊक असलेल्या एका संकुलात धावपट्टीवर गुडघाभर गवत आहे आणि उद्घाटनाची संगमरवरी पाटी मात्र लख्ख पुसलेली आहे. शाळांची स्थिती याहून बरी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण हवे असे म्हटले. सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा, असेही म्हटले. तास वेळापत्रकात आहे, शिक्षक गणिताचे आहेत आणि मुले वर्गात वही लिहीत आहेत, हे दृश्य कोणत्या पालकाला अनोळखी आहे?

केंद्राच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाला ३,७९४ कोटी मिळाले, त्यातील १,००० कोटी खेलो इंडियासाठी. एकूण अंदाजपत्रक ५० लाख ६५ हजार कोटींचे. देशाच्या हजार रुपयांतील पाऊण रुपया! नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादला २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद मिळाले, पुढे ऑलिंपिक भरविण्याचीही आकांक्षा आहे. स्पर्धा भरवाव्यात, आमची हरकत नाही. परंतु पाहुण्यांसाठी स्टेडियम आणि घरच्या लेकरांना अंगणही नाही, असे होऊ नये. त्यातही मुलींचा विचार आणखी मागे राहतो. मुलगे निदान रस्त्यावर स्टंप ठोकतात. मुलीला खेळायचे तर कुंपण लागते, दिवा लागतो, स्वच्छतागृह लागते, आणि तिच्या आईला भरवसा वाटेल अशी बाई प्रशिक्षक लागते. ज्या बहिणीच्या खात्यात दरमहा दीड हजार जमा होतात, तिच्या लेकीसाठी हे चार खर्च कोणत्या शीर्षाखाली मांडले आहेत, ते आम्हांला अंदाजपत्रकात सापडत नाही.

आपल्या पट्ट्यात, वसईपासून पालघरपर्यंत, हा प्रश्न दूरचा नाही. वाड्यांच्या जागी इमारती आल्या. ज्या शिवारात भात काढल्यावर उन्हाळाभर क्रिकेट आणि व्हॉलीबॉल चाले, तिथे आता वाहने उभी असतात. विकास आराखड्यात क्रीडांगण म्हणून रंगविलेला तुकडा प्रत्यक्षात कुठे आहे, हे शोधायला गेले तर तिथे कधी गोदाम भेटते, कधी राडारोडा. जिथे नव्याने आलेली उत्तर भारतीय, गुजराती, कोकणी कुटुंबे आणि मूळचे भूमिपुत्र शेजारी राहतात पण एकमेकांना ओळखत नाहीत, तिथे संध्याकाळी दोन तास उघडे असणारे मैदान हे पोलीस चौकीइतकेच गरजेचे आहे, असे आमचे मत आहे.

यासाठी मुंबईला जाऊन मंत्र्यांना निवेदन देण्याची गरज नाही. निदान आधी तरी नाही. ज्यांच्या गावी ग्रामपंचायत आहे त्यांनी येत्या ग्रामसभेत काही साधे प्रश्न विचारावेत. स्वउत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. गेल्या वर्षी तो नेमका कशावर झाला? तंटामुक्त समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि तीत स्त्रिया किती होत्या? जिल्हा परिषद शाळेचे पटांगण सायंकाळी खुले ठेवता येईल का आणि किल्ली कोणाकडे राहील? शहरात राहणाऱ्यांनी प्रभागाच्या आराखड्याची प्रत मागावी, माहितीच्या अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज करावा आणि हिरव्या रंगातील आरक्षणे स्वतः जाऊन पाहावीत. किल्लीचा प्रश्न आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे. आम्ही जिथे जिथे चौकशी केली, तिथे पैशाची अडचण सांगणारे पुष्कळ भेटले; पण कुलूप कोण उघडणार, असे विचारल्यावर मात्र सर्वांनी एकमेकांकडे पाहिले.